टीडीएस जुळत नाही, परतावा येत नाही: दरवर्षी तीच नोटीस का येते?

जून उजाडला की आमच्या गल्लीतल्या काकू कापडी पिशवी घेऊन येतात. पिशवीत पासबुकं, एफडीच्या पावत्या, पेन्शनचं स्टेटमेंट आणि चार घड्या घातलेली आयकर खात्याची १४३(१)ची, म्हणजे रिटर्न तपासून पाठवलेली, सूचना. माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा अशा तीन वर्षांच्या तीन सूचना होत्या आणि तिन्हींवर एकच गोष्ट लिहिलेली: टीडीएसपोटी (पैसे हातात पडण्याआधीच कापलेला कर) मागितले ५,६०० रुपये, मान्य झाले शून्य. रिटर्न भरून देणारा दरवर्षी आकडे पुन्हा तपासायचा, तेच रिटर्न तितक्याच काळजीनं भरायचा आणि परतावा काही यायचा नाही.

आकडे बरोबरच होते. काका-काकूंच्या नावानं आठ लाखांची संयुक्त एफडी होती. सात टक्क्यांनी वर्षाचं व्याज ५६,००० रुपये. दर तिमाहीला १४,००० व्याज आणि त्यातून १,४०० टीडीएस, कारण ज्येष्ठ नागरिकांच्या व्याजावर टीडीएस न कापण्याची तेव्हाची ५०,०००ची मर्यादा ओलांडली जात होती. पण एफडीवर पहिलं नाव काकांचं. काका गेल्यावर बचत खातं काकूंच्या नावावर झालं, एफडी मात्र आपोआप रिन्यू होत राहिली आणि तिला जोडलेला पॅन काकांचाच राहिला. कापलेला पैसा काकूंचा आणि त्याची नोंद हयात नसलेल्या काकांच्या पॅनवर.

रिटर्न कितीही वेळा नीट भरलं तरी ही चूक सुटणार नव्हती, कारण चूक रिटर्नमध्ये नव्हतीच. वर्षानुवर्षं तीच नोटीस येणाऱ्या लोकांची कागदपत्रं बघताना मला बहुतेक वेळा हेच दिसतं. आकडा जिथून निघतो, म्हणजे बँक, कंपनीचा लेखा विभाग किंवा आपलं स्वतःचं चलन, तिथली नोंद चुकलेली असते आणि आपण मात्र दर जुलैला रिटर्नवरच खाडाखोड करत बसतो.

भरायला बसण्याआधी

तीन कागद शेजारी शेजारी ठेवा: फॉर्म १६, म्हणजे पगार आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला (पेन्शनर असाल तर बँकेचा किंवा कोषागाराचा), फॉर्म २६एएस आणि एआयएस (वार्षिक माहिती विवरण). शेवटचे दोन्ही आयकर पोर्टलवर लॉगिन करून मिळतात. एआयएसची पीडीएफ उघडायचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि त्याला लागून जन्मतारखेचे आठ आकडे. हा पासवर्ड न कळल्यामुळे एआयएस कधीच न उघडलेली माणसं मी पाहिली आहेत.

२६एएस सांगतो की तुमच्या पॅनवर कुणी किती कर कापून भरला. कापलेल्या कराचं श्रेय मिळतं ते याच्याच आधारावर. एआयएस त्याहून मोठा आहे. त्यात बचत खात्याचं व्याज, लाभांश, शेअर आणि म्युच्युअल फंडांचे व्यवहार, गेल्या परताव्यावरचं व्याज असं सगळं येतं. एक लक्षात ठेवा: फंड विकल्यावर एआयएसमध्ये दिसते ती विक्रीची पूर्ण रक्कम, नफा नव्हे. ‘माझं उत्पन्न नऊ लाख दाखवलंय’ म्हणत घाबरून आलेल्या एका मुलीचा प्रत्यक्ष नफा चाळीस हजारांच्या आत होता.

आणि एप्रिल-मेमध्ये घाई करू नका. जानेवारी ते मार्च या तिमाहीचं टीडीएस विवरण भरायला कंपनीला आणि बँकेला ३१ मेपर्यंत मुदत असते, फॉर्म १६ द्यायला १५ जूनपर्यंत. त्याआधी रिटर्न भरलं तर शेवटच्या तिमाहीचा टीडीएस २६एएसमध्ये आलेलाच नसण्याची शक्यता मोठी. मी जूनच्या तिसऱ्या आठवड्याआधी कुणाचंही रिटर्न हातात घेत नाही.

टीडीएस कापला, पण २६एएसमध्ये दिसत नाही

बँकेकडून फॉर्म १६ए, म्हणजे व्याजावर कापलेल्या कराचा दाखला, मागा आणि त्यावरचा पॅन अक्षर अन् अक्षर वाचा. पॅनमधलं पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर असतं, त्यामुळे दुसऱ्याचा पॅन लागला असेल तर तिथंच पटकन लक्षात येतं. पॅन चुकीचा असेल तर शाखेला लेखी अर्ज द्या: कोणती एफडी, कोणत्या तिमाह्या, किती रक्कम, बरोबर पॅन कोणता, आणि त्या तिमाह्यांचं टीडीएस विवरण सुधारून भरावं अशी स्पष्ट मागणी. पोच घ्या. तोंडी सांगून काम होत नाही. शाखेतला माणूस बदलतो आणि पुढच्या जूनमध्ये आपण पुन्हा पहिल्या पायरीवर असतो.

संयुक्त ठेवींचं दुखणं आमच्याकडे घरोघरी आहे. टीडीएस जातो तो पहिल्या नावावर. व्याज खरोखर दुसऱ्याचं असेल तर आयकर नियमांनुसार पहिल्या धारकानं बँकेला तसं निवेदन द्यायचं असतं, मग बँक दुसऱ्याच्या पॅनवर टीडीएस दाखवू शकते. पहिला धारक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि स्वतःचा पॅन देऊन ठेवीची नोंदच बदलून घ्यावी लागते. नुसतं बचत खातं बदलून भागत नाही, प्रत्येक पावती वेगळी बदलावी लागते. काकूंकडे अशा पाच पावत्या निघाल्या.

मृत व्यक्तीच्या हयातीतल्या काळाचं रिटर्न वारसानं भरायचं असतं. त्यासाठी पोर्टलवर वारस म्हणून नोंदणी करावी लागते: मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन, वारस असल्याचा पुरावा आणि हमीपत्र. मृत्यूच्या तारखेपर्यंतचं उत्पन्न त्यांच्या रिटर्नमध्ये, त्यानंतरचं वारसाच्या.

कंपनीनं पगारातून कर कापला आणि सरकारकडे भरलाच नाही, असंही होतं. बंद पडत चाललेल्या कंपन्यांत जास्त. अशा वेळी १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम २०५ कर्मचाऱ्याच्या बाजूनं उभं राहतं: कापून घेतलेला कर पुन्हा कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही. पण कापला होता हे दाखवायची जबाबदारी तुमची. म्हणून पगाराच्या स्लिपा आणि पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट जपून ठेवा, नोकरी सोडताना तर नक्की. ऑफिसचा ईमेल बंद झाला की स्लिपा मिळणं फार अवघड होतं.

नोकरी बदलली आणि अचानक कर भरायची वेळ आली

पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या पोरांकडून हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. ‘कंपनीनं टीडीएस कापला असताना माझ्याकडेच कर कसा निघतो?’

२०२४-२५ या आर्थिक वर्षाचं, नव्या कर प्रणालीतलं (दर कमी, सवलती थोड्या) एक उदाहरण बघू. एप्रिल ते सप्टेंबर पहिल्या कंपनीत महिना ८०,०००, ऑक्टोबर ते मार्च दुसरीकडे ९०,०००. पहिल्या कंपनीनं वर्षभराचे ९,६०,००० धरले, ७५,००० प्रमाणित वजावट दिली, वर्षाचा कर ४०,०४० काढला आणि सहा महिन्यांत २०,०२० कापले. दुसऱ्या कंपनीला आधीच्या पगाराचा पत्ताच नाही. तिनं फक्त आपले ५,४०,००० धरले, पुन्हा ७५,००० वजा केले, उरलेले ४,६५,००० सात लाखांच्या आत म्हणून कर शून्य.

आता दोन्ही पगार एकत्र करा. एकूण १०,२०,०००. वजावट एकदाच मिळते, म्हणून करपात्र ९,४५,०००. तीन ते सात लाखांवर पाच टक्के म्हणजे २०,०००. उरलेल्या २,४५,०००वर दहा टक्के म्हणजे २४,५००. चार टक्के उपकरासह ४६,२८०. कापलेले २०,०२० गेले, बाकी २६,२६०. जुलैत भरले तरी आगाऊ कर न भरल्याचं व्याज लागतं: कलम २३४बीचं चार महिन्यांचं १,०४८ आणि २३४सीचं, म्हणजे हप्ते चुकल्याचं, १,३२१. एकूण २८,६३०.

ज्यांनी दुसरा फॉर्म १६ बाजूला ठेवून एकच पगार दाखवला, त्यांना काही महिन्यांनी नोटीस येणारच, कारण २६एएस किंवा एआयएसमध्ये दोन्ही कंपन्या दिसतात. यावरचा उपाय रुजू होतानाच आहे. नव्या कंपनीच्या एचआरला आधीचा पगार आणि टीडीएस लेखी कळवा (३१ मार्च २०२६ पर्यंत यासाठी फॉर्म १२बी होता). मग ती कंपनी पुढच्या महिन्यांत कर सारखा वाटून कापते आणि जुलैत एकदम पैसे काढावे लागत नाहीत. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, त्यामुळे हा सापळा आता मोठ्या पगारवाल्यांना लागतो. दुसऱ्या कंपनीला अर्ध्या वर्षाचे अकरा लाखही करमुक्तच वाटतात.

बाकीचा कर भरताना एक चूक फार होते. २०२४-२५ मध्ये मिळालेल्या उत्पन्नाचं निर्धारण वर्ष, म्हणजे ज्या वर्षी त्याचं रिटर्न भरतात ते, २०२५-२६ असतं. चलन भरताना लोक सवयीनं २०२४-२५ निवडतात. पैसे सरकारकडे जातात, पण एक वर्ष आधीच्या खात्यात, आणि या वर्षी कर थकल्याची मागणी येते. चलनावर वर्ष आणि ‘स्वयंनिर्धारण कर (३००)’ हे दोन्ही बघूनच पैसे भरा. चुकलंच तर पोर्टलवर चलन दुरुस्तीची सोय आहे, पण तिला दिवसांची मर्यादा आहे, म्हणून लक्षात येताच त्याच दिवशी करा. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यात ‘कर वर्ष’ हा एकच शब्द आला आहे. ही गल्लत पुढे कमी होईल याचा मला मनापासून आनंद आहे. २०२५-२६ च्या उत्पन्नाचं रिटर्न मात्र जुन्याच कायद्यानं, निर्धारण वर्ष २०२६-२७ म्हणूनच जातं.

व्याज आणि कुटुंब निवृत्तिवेतन

‘टीडीएस कापला नाही, म्हणजे ते व्याज करमुक्त’ हा समज पक्का बसलेला आहे. तसं नाही. बचत खात्याच्या व्याजावर टीडीएस कधीच कापत नाहीत, तरी ते उत्पन्न आहे. आपल्याकडच्या पतसंस्था सभासदांच्या ठेवींवर बहुतेकदा टीडीएस कापत नाहीत, ते व्याजही उत्पन्नच. ‘माझ्यावर कर लागत नाही’ असं सांगणारा ज्येष्ठांचा फॉर्म (२०२५-२६ पर्यंत १५एच) दिल्यावर बँक कर कापत नाही, पण व्याज दाखवावं लागतं. जुन्या प्रणालीत ज्येष्ठांना ८०टीटीबीखाली ५०,००० आणि इतरांना बचत खात्याच्या व्याजापुरती ८०टीटीएखाली १०,०००ची सूट मिळते. नव्या प्रणालीत दोन्ही नाहीत.

गेल्या वर्षीच्या परताव्याबरोबर खात्यानं दिलेलं व्याजही या वर्षीचं उत्पन्न आहे. रक्कम छोटी असते, दोनशे-चारशे रुपये, पण एआयएसमध्ये दिसते आणि आकडे जुळत नाहीत.

काकूंच्या कागदांत आणखी एक गोष्ट सापडली. त्यांचं पेन्शन हे कुटुंब निवृत्तिवेतन. रिटर्नमध्ये ते ‘पगार’ म्हणून दाखवून प्रमाणित वजावट घेतलेली होती. कुटुंब निवृत्तिवेतन ‘इतर मार्गांनी मिळालेलं उत्पन्न’ यात जातं आणि त्यावर वजावट मिळते ती एक तृतीयांश किंवा १५,००० यांपैकी कमी असेल ती. नव्या प्रणालीत २०२४-२५ पासून १५,०००ऐवजी २५,०००. स्वतःच्या नोकरीचं पेन्शन घेणाऱ्याला मात्र पगाराप्रमाणे प्रमाणित वजावट आहे. नवरा-बायको दोघंही शिक्षक होते अशा घरांत एकाच बाईंना दोन्ही पेन्शनं येतात. ती दोन वेगळ्या ठिकाणी दाखवायची, एकत्र करायची नाहीत.

परतावा मंजूर, पण खात्यात जमा नाही

इथं करापेक्षा नावाचा प्रश्न असतो. आपल्याकडे बाईचं पॅन माहेरच्या नावानं, बँक खातं सासरच्या नावानं आणि आधारवर आणखी तिसरंच, असं सर्रास दिसतं. मधलं नाव एकीकडे वडिलांचं, दुसरीकडे नवऱ्याचं. पोर्टलवर खातं ‘पूर्वप्रमाणित’ करताना बँक पॅन आणि नाव पडताळते. तिथं जुळलं नाही की परतावा अडतो. कोणतं नाव ठेवायचं हा सर्वस्वी त्या बाईचा प्रश्न आहे. पण जे ठेवाल ते पॅन, आधार आणि बँक, तिन्हीकडे सारखं करून घ्या, स्पेलिंगसकट. हे काम जानेवारी-फेब्रुवारीत करा, जुलैत नाही.

विलीन झालेल्या बँकांमुळे आयएफएससी बदलले आहेत. देना आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला, सिंडिकेट, आंध्रा, कॉर्पोरेशन, अलाहाबाद या बँका १ एप्रिल २०२० ला दुसऱ्या बँकांत गेल्या. पोर्टलवर जुना कोड राहिला असेल तर खातं पुन्हा प्रमाणित करा आणि मग सेवांमधून ‘परतावा पुन्हा पाठवा’ ही विनंती टाका. आधारशी न जोडलेला पॅन निष्क्रिय असेल तरीही परतावा येत नाही. ८० वर्षं आणि त्यावरच्यांना या जोडणीतून सूट आहे.

आणि ई-पडताळणी. रिटर्न भरलं आणि पडताळणी राहिली तर ते भरलंच नाही असं धरतात. ऑगस्ट २०२२ पासून मुदत ३० दिवसांची आहे, पूर्वीची १२० दिवसांची नाही. आधारला जोडलेला मोबाइल बंद पडला असेल तर नेट बँकिंगनं करा, तेही नसेल तर सही केलेली पोचपावती स्पीड पोस्टानं बेंगळुरूच्या केंद्राला पाठवा. मुदतीनंतर पडताळणी केली तर तीच रिटर्नची तारीख धरली जाते. मग विलंब शुल्क लागतं: एकूण उत्पन्न पाच लाखांपर्यंत १,०००, त्यावर ५,०००. शिवाय मुदत चुकली की पगारदाराला जुनी प्रणाली निवडता येत नाही. घरभाडं, एलआयसी, पीपीएफ या सगळ्या सवलती हातच्या जातात. हे नुकसान शुल्कापेक्षा कितीतरी मोठं असू शकतं.

सूचना आलीच तर

१४३(१)च्या पत्राला घाबरू नका, ते प्रत्येक रिटर्नला येतं. त्यात दोन रकाने असतात: तुम्ही दाखवलेलं आणि खात्यानं काढलेलं. पट्टी ठेवून ओळ अन् ओळ खाली जा. पहिला फरक ज्या ओळीत सापडेल तिथंच कारण असतं, खालचे फरक बहुतेक त्याच्यामुळेच. फरक टीडीएसच्या ओळीत असेल तर आधी २६एएस सुधारून घ्या, मगच कलम १५४ची दुरुस्ती मागा. आदेश ज्या आर्थिक वर्षात निघाला ते संपल्यापासून चार वर्षं ही दुरुस्ती मागता येते. २६एएस तसाच असताना अर्ज केला तर तेच उत्तर पुन्हा येईल.

१३९(९)चं पत्र वेगळं. ते ‘रिटर्न सदोष आहे’ असं सांगतं आणि १५ दिवसांत उत्तर हवं असतं. ते बाजूला ठेवू नका.

अजून एक कळकळीचं सांगणं. ‘मी तुम्हाला जास्त परतावा काढून देतो, त्यातला इतका टक्का माझा’ म्हणणाऱ्याच्या हाती पॅन आणि पासवर्ड देऊ नका. खोटं घरभाडं, न दिलेल्या देणग्या, नसलेले आजार दाखवून परतावा काढतात. जुलै २०२५ मध्ये खात्यानं अशाच प्रकरणांत देशभर १५० ठिकाणी कारवाई केली. उत्पन्न चुकीचं सांगितल्याचा दंड चुकवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत जातो आणि तो भरतो रिटर्नवर ज्याचं नाव आहे तो. आमच्या ओळखीतल्या दोन कामगारांनी घेतलेला परतावा व्याजासकट परत भरला, तेव्हा तो एजंट फोन उचलत नव्हता.

काकूंच्या बँकेनं पोचपावतीनंतर जवळजवळ अडीच महिन्यांनी विवरणं सुधारली. एका सकाळी २६एएस उघडला तर १,४०० च्या चार ओळी काकूंच्या पॅनवर होत्या. मग मागच्या वर्षाच्या, मग त्याच्या आधीच्या. एकेका वर्षाचा दुरुस्ती अर्ज वेगळा टाकला. पाचही पावत्या आता त्यांच्या नावावर आणि त्यांच्याच पॅनवर आहेत. प्रत्येक पावतीच्या मागे रिन्यूअलची तारीख पेन्सिलीनं लिहून ठेवली आहे, म्हणजे त्या दिवशी बँकेत जाऊन नवी पावती हातात घेता येईल आणि तिथंच पॅन वाचून बघता येईल.